रिकाम्या जेलीतली गाठ

बुरुलचाला कुणी विचारलं, बाई तू काय काम करतेस, तर ती सरळ सांगायची, "मी थानं बनवते. आठवड्याला आठ." समोरचा माणूस कावराबावरा झाला की मग ती सावकाश तपशील पुरवायची. तोवर तो चहाच्या वाडग्यात डोकं घालून बसलेला असायचा. लाज नावाची गोष्ट या बाईला देवानं दिलीच नाही, असं तिचं सासर म्हणायचं. बुरुलचालाही तसंच वाटत होतं.

काम मात्र खरोखर तेच होतं. बिश्केकमधल्या एका तांत्रिक संस्थेच्या तळमजल्यावर एक यंत्र तयार होत होतं. बाईनं बाकावर पालथं झोपायचं, बाकाला एक भोक, भोकाखाली खोलगट भांडं, आणि भांड्याच्या आतून गोल बसवलेले सोळा अँटेना. एकानं सूक्ष्मलहरी सोडायच्या, बाकीच्या पंधरांनी त्या कशा परततात ते टिपायचं. घरच्या ओव्हनमध्ये असतात त्याच जातीच्या लहरी, पण इतक्या मंद की चमचाभर पाणीही कोमट होणार नाही. गाठीत पाणी जास्त, भोवतालच्या चरबीत कमी, म्हणून गाठीवरून परतलेली लहर वेगळी ओळखू येते. एक्स-रे नाही, दोन फळ्यांमध्ये छाती दाबून धरणं नाही, दुखणं नाही. कल्पना चोख होती. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे जो संताप आहे तो लहरींवर नाही.

असं यंत्र थेट बायकांवर तपासता येत नाही. आधी खोटे स्तन लागतात आणि त्यात खोटी गाठ. शास्त्रज्ञ मंडळींनी दोन वर्षं जिलेटिन, पाणी आणि सूर्यफुलाचं तेल घेऊन खटपट केली होती. दर वेळी तेल वर तरंगायचं आणि खाली चिकट पाणी उरायचं. बुरुलचा तेव्हा तिथे फरशी पुसायला लागली होती. त्याआधी एकोणीस वर्षं तिनं मिठाईच्या कारखान्यात जेलीच्या वड्या ओतल्या होत्या, आणि कारखाना बंद पडला होता. एक दिवस पोछा टेकून ती म्हणाली, "तुमचं तेल फाटलंय. फार गरम असताना घालता तुम्ही. मनगटाला सोसेल इतपत निवू द्या, भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब टाका, आणि एकाच दिशेनं ढवळा." त्या दिवसापासून पोछा सुटला आणि पळी हातात आली.

साचा म्हणून ती चहाचा वाडगा वापरायची, घरचाच, निळ्या नक्षीचा. त्यात आधी कातडीचा पातळ थर, मग तेलकट जेली, आणि ती अर्धवट धरली की बोटानं आत सरकवायची खारट पाण्याची छोटी घट्ट गोळी. ती गाठ. मग वर चिठ्ठी चिकटवायची: गाठ कुठे, तर घड्याळाच्या काट्याप्रमाणे, चार वाजता, नऊ वाजता. प्रबंध करणारी नुरझात नावाची पोरगी यंत्रावर बसायची. ती चिठ्ठी वाचून संगणकात तो आकडा भरायची, आणि पाच मिनिटांत पडद्यावर निळ्या वर्तुळात लाल ठिपका उमटायचा, अगदी चार वाजता. सगळे टाळ्या वाजवायचे. अकरा वर्षांत बुरुलचानं चार हजारांवर स्तन बनवले. एकाही लेखावर तिचं नाव आलं नाही. त्याचं तिला फारसं वाटत नव्हतं, कारण वसंताच्या सणाला सासरी, अत-बाशीच्या खोऱ्यातल्या ताश-केचू गावी गेली की ती स्वतःच स्वतःचं नाव पुरेसं गाजवायची.

"ऑगस्टमध्ये आमचं यंत्र गाडीत बसून ताश-केचूला येणार," तिनं या वर्षी सगळ्या जावांना सांगितलं होतं. "कपडे काढून थंडगार फळीला चिकटायला नको, काही नको. पालथं पडा, डुलकी घ्या, उठा."

मे महिन्यात धाकट्या जावेचा, कनिशायचा फोन आला. कनिशाय अडतिसाची. सासरच्या कुणासमोर आवाज न चढवणारी, दिराचंसुद्धा नाव न घेणारी. आमच्याकडे सून सासरच्या पुरुषांची नावं घेत नाही, पण हल्लीच्या पोरी ते मनावर घेत नाहीत. कनिशाय घेते. थोरल्या बाईला आमच्याकडे एजे म्हणतात, ताई म्हणावं तसं.

"एजे, कुणाला बोलू नका हं."

"थोरल्या जावेला फोन करून म्हणे बोलू नका. बोल लवकर."

"डाव्या बाजूला... काखेकडे. सुकवलेल्या दह्याची गोळी असते ना, तेवढं काहीतरी हाताला लागतंय. दुखत नाही तसं."

"उद्याची गाडी पकड आणि इकडे ये."

"उद्या कसं जमेल? घोड्या व्यायल्यात. परवा आम्ही कुरणावर वर निघालो. आणि तुमचं यंत्र येतंच आहे की ऑगस्टमध्ये? तुम्हीच म्हणालात."

बुरुलचाला आठवलं: आपण म्हणालो होतो खरं. शिवाय जावेनं आपल्या यंत्रावर एवढा भरवसा टाकला, हे तिला गोड लागलं. "बरं, तर मग थांब," ती म्हणाली. "आमचं यंत्र त्या एक्स-रेच्या चार पावलं पुढे आहे."

हे वाक्य नंतर तिच्या कानात इतक्या वेळा वाजलं, की त्याचा हिशेब नाही.

जुलैच्या मध्यावर यंत्र मंजूर करायला समिती येणार होती. दोन दिवसांत बारा स्तन हवे होते. बुरुलचानं कढई उतरवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रिज उघडला, तर बशीत एक गोळी तशीच पडलेली. तिनं वहीत एकेका गोळीची नोंद ताडून पाहिली, पुन्हा पाहिली. सातव्या स्तनात गाठ घालायचीच राहिली होती, आणि वर चिठ्ठी मात्र चिकटलेली: चार वाजता. ती बशी घेऊनच यंत्राकडे धावली. चूक झाली, माफ करा, असं म्हणायला तोंड उघडणार, तोच नुरझात हसत म्हणाली, "एजे, सातवा बघा किती सुंदर आलाय. इतका स्वच्छ ठिपका कधीच आला नव्हता."

पडद्यावर निळं वर्तुळ होतं. त्यात चार वाजता, लालभडक गाठ.

बुरुलचानं बशी टेबलावर ठेवली. "ही बघ सातव्याची गाठ," ती म्हणाली. "माझ्याजवळ आहे. मग ती तिथे कुठून आली?"

नुरझातचं हसू मावळलं. पोरगी वाईट नव्हती. तिनं खरं काय ते सांगितलं: कातडीवरून परतणारी लहर गाठीवरच्या लहरीपेक्षा कितीतरी मोठी, त्या गोंगाटात गाठ दिसत नाही, म्हणून प्रोग्राम आधी विचारतो कुठे बघू, आणि सांगाल तिथलं सगळं मोठं करून दाखवतो. "बाहेरच्या देशांत चिठ्ठी न बघता तपासतात, एजे. यंत्रावरच्या माणसाला काही सांगतच नाहीत. आपल्याकडे पहिल्यापासून चिठ्ठी वाचायची पद्धत पडली."

"पद्धत पडली," बुरुलचा म्हणाली. "पाहुण्याच्या घरी जाताना पत्ता विचारतात तसं मला वाटायचं. मी काय गाढव होते!"

त्याच दुपारी दोघींनी तीन स्तन केले. दोन रिकामे, चिठ्ठ्या नऊ आणि बाराच्या. तिसऱ्यात दोन वाजता चांगली जाडजूड गाठ, आणि चिठ्ठीवर लिहिलं: काही नाही. यंत्रानं नऊला लाल दाखवलं, बाराला लाल दाखवलं, आणि तिसरा स्तन निळाशार, निर्मळ. नुरझातनं तोंडावर हात ठेवला. बुरुलचा तिन्ही चित्रं छापून घेऊन तोलोगोन अगायच्या खोलीत गेली. अगाय म्हणजे गुरुजी; हे प्रयोगशाळेचे प्रमुख. साठीचे, मऊ बोलणारे, पांढरी टोपी खुंटीवर टांगून काम करणारे. त्यांनी चित्रं पाहिली, चष्मा काढला, पुसला.

"बुरुलचा, हे गणित आहे. प्रत्येक गणिताला सुरुवातीला थोडी माहिती द्यावी लागते."

"अगाय, थोडी? तुम्ही त्याला उत्तरच देताय."

"हे फक्त जुळवणीपुरतं."

"बरं. ऑगस्टमध्ये गाडीत बाई येईल. तिच्या छातीवर चिठ्ठी नसेल. मग त्या रकान्यात काय भरणार?"

"तिला विचारणार. कुठे दुखतं, कुठे हाताला लागतं."

"आणि ती म्हणाली काही नाही?"

"तर काही नाही भरायचं. जगात सगळीकडे रुग्णाला विचारतातच."

बुरुलचाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मग यंत्र कशाला?" ती ओरडली. "मी विचारते की बायकांना, फुकटात! सोळा अँटेना नकोत, गाडी नको, वीज नको. चहा पाजते आणि विचारते. आणि ज्या बाईला हाताला काही लागतच नाही, तिच्यासाठीच तर यंत्र होतं ना? तिला तुम्ही शिक्का मारून सांगणार, जा, तू ठणठणीत आहेस?"

"समिती उद्या येतेय. सुधारणा पुढच्या टप्प्यात करू." अगाय अजूनही मऊच बोलत होते. "तू जेली छान करतेस. जेलीच कर."

समितीनं बारापैकी बारा गाठी पाहिल्या आणि सही केली. बुरुलचा दारात उभी राहून मोठ्यानं म्हणाली, की मला चार आणखी करू द्या आणि चिठ्ठ्या माझ्या खिशात राहू द्या. एका साहेबांनी ते आपल्या वहीत टिपून घेतलं. मग सगळे जेवायला गेले, तिथे मेंढा शिजून तयार होता. आठवड्यानं बुरुलचाला कळवलं गेलं, की तुझ्या कामाची मुदत संपली, ती वाढवलेली नाही. काम गेल्याचं तिला दुःख झालं नाही म्हणणं खोटं ठरेल. ती दोन दिवस रडली आणि तिसऱ्या दिवशी तिला कनिशायची आठवण झाली आणि तिनं फोन हातात घेतला.

वर कुरणावर फोन लागत नाही. कनिशायचा नवरा सादिर पीठ-मीठ न्यायला गावात उतरला, तेव्हा एकदाचा तो सापडला. आता सगळ्यांसमोर छातीठोकपणे थानं म्हणणाऱ्या बाईनं काय म्हणावं? दीर पलीकडे, खोकून वाट बघतोय. तुझ्या बायकोच्या छातीत गाठ आहे, हे तिला म्हणता येईना. "कनिशायला बिश्केकला पाठवून दे," एवढंच म्हणाली.

"कशाला?"

"काम आहे. बायकांचं."

"गवत कापून झालं की बघू," सादिर म्हणाला, आणि फोन बंद झाला. बुरुलचानं स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. जेलीच्या थानांबद्दल बोलायला कसली आली आहे लाज! माणसाच्या वेळी मात्र तीही त्याच खोऱ्यातली सून निघाली.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ती मिनीबसनं निघाली. घाटात टायर बसला, म्हणून ताश-केचूला पोचली तेव्हा गाडी येऊन दुसरा दिवस उजाडला होता. शाळेच्या पटांगणात पांढरी गाडी उभी होती, पुढे बायकांची रांग, आणि ज्यांचं आटोपलं होतं त्या भिंतीच्या सावलीत बसून कागद एकमेकींना दाखवत होत्या. त्यात कनिशाय होती. बुरुलचाला बघताच ती धावत आली आणि तिनं गळ्यात हात टाकले.

"एजे, काही नाही निघालं! कालच दाखवलं मी. बघा, शिक्का आहे." ती हसत होती. मे महिन्यापासून ही बाई घाबरून राहिली होती, हे त्या हसण्यावरून कळत होतं.

"तुला विचारलं का, कुठे हाताला लागतं म्हणून?"

"विचारलं."

"मग काय सांगितलंस?"

कनिशायनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "काही नाही म्हटलं."

"का?"

"गाडीत धाकटे मिर्झा बसलेत ना."

धाकटे मिर्झा म्हणजे तालाय, त्यांचाच चुलत दीर, पंचविशीचा. जिल्ह्यातून माणूस घ्यायचा म्हणून संस्थेनं त्याला चार दिवस शिकवून यंत्रावर बसवलं होतं. गावचाच पोरगा, बायकांना परका वाटणार नाही, असा विचार. असला विचार करणाऱ्याची आई कुणाची तरी सून असेलच ना? तिला एकदा तरी विचारायचं! ताश-केचूतल्या निम्म्या बायकांचा तालाय दीर लागत होता, आणि उरलेल्या निम्म्या त्याच्या मावश्या नि माम्या होत्या. दोन दिवसांत एक्केचाळीस बायका गाडीत चढल्या होत्या, आणि एक्केचाळीस कागदांवर एकच मजकूर होता: काही नाही.

बुरुलचानं जावेला शाळेच्या मागे नेलं, सदऱ्यात हात घातला. गाठ होती. आता ती दह्याच्या गोळीएवढी नव्हती, अक्रोडाएवढी होती.

"पण यंत्र तर म्हणालं," कनिशाय पुटपुटली. "तुम्हीच बनवलंत ना ते?"

"मी जेली बनवली. त्यात काही नव्हतं, तर त्याला दिसलं. तुझ्यात आहे, तर त्याला दिसलं नाही. ते तू सांगशील तेच परत सांगतं, कनिशाय. तू काही नाही म्हणालीस, म्हणून तेही काही नाही म्हणालं."

कनिशायनं तो शिक्क्याचा कागद पुन्हा उलगडून वाचला. मग तिचा चेहरा हळूहळू असा बदलला, की पंधरा वर्षांत बुरुलचानं तो तसा कधी पाहिला नव्हता. तिनं ओढणी घट्ट बांधली, रांग ओलांडली, आणि गाडीच्या पायरीवर उभी राहिली.

"तालाय!" तिनं नावानं हाक मारली. रांगेतल्या म्हाताऱ्या दचकल्या. "काल मी खोटं बोलले. डावीकडे आहे. काखेजवळ, दोन वाजता म्हणतात ना तिथे. लिही."

तालायचे कान लाल झाले. "वहिनी, तुमचं झालंय की काल."

"लिही म्हणते ना!"

ती पालथी झोपली. पाच मिनिटांनी पडद्यावर दोन वाजता लाल ठिपका आला. दाराशी बायकांची गर्दी झाली होती. कुणीतरी हाय हाय केलं.

"आता उजवीकडे लिही," बाहेरून बुरुलचा ओरडली. "सहा वाजता."

"एजे, उजवीकडे त्यांना काही—"

"तुला कुणी मत विचारलं? लिही सहा!"

उजवीकडे सहा वाजता लाल ठिपका आला, डावीकडच्याहून मोठा. तालाय पडद्याकडे बघत राहिला. त्यालाही कुणी काही सांगितलं नव्हतं, बिचाऱ्याला फक्त बटणं शिकवली होती. "हे काय आहे, एजे?" त्यानं विचारलं.

"हे असं आहे," बुरुलचा म्हणाली आणि बायकांकडे वळली, "की तुम्ही लाजलात, तर हेही लाजतं. कागद चुलीत घाला. कुणाच्या हाताला काही लागत असेल तर आत्ता माझ्या कानात सांगा. नसेल लागत, तरी एकदा नारिन शहरात चला, खऱ्या एक्स-रेला. मी सोबत आहे. आणि ते यंत्र चांगलं आहे, असं मी वसंताच्या सणाला म्हणाले होते ना? खोटं होतं ते. माझं तोंड फुटो."

एक म्हातारी म्हणाली, सरकारी शिक्का कधी खोटा असतो का. दोन-तीन बायका कागद छातीशी धरून घरी निघून गेल्या. त्यांना घाबरायचं नव्हतं, आणि ते कुणालाही समजण्यासारखं होतं. पण सहा जणी कानात येऊन बोलल्या. एकीनं तर तीन वर्षांपासून म्हणून सांगितलं. तालायनं गाडीची चावी फिरवून यंत्र बंद केलं आणि स्वतःहून मिनीबस ठरवायला पळाला.

नारिनच्या दवाखान्यात डॉक्टरीण चाळिशीची होती, थकलेली, भराभर बोलणारी. कनिशायचा एक्स-रे तिनं उजेडावर धरला, मग काखेत बोटं रुतवून बघितली. बाकी सहा जणी बाहेर बाकावर होत्या. बुरुलचा आत, जावेच्या मागे उभी.

"अडीच सेंटिमीटर. सुई घालून बघावं लागेल, पण मला ही चांगली वाटत नाही. आणि काखेतही एक ग्रंथी सुजलीय." तिनं पेन काढलं. "कधीपासून आहे?"

"मे," कनिशाय म्हणाली.

"मे? आज ऑगस्ट. काखेतली ही मे महिन्यात कदाचित नसतीही." डॉक्टरीण लिहिता लिहिता थांबली. तिचा आवाज चढला. "तुम्ही लोक इतके दिवस काय करता? लगेच का नाही आलीस? कुणी थांब म्हणालं होतं का?"

कनिशायनं मागे पाहिलं नाही. ती फरशीकडे बघत होती.

"नाही," ती म्हणाली. "कुणी नाही."

पेन कागदावर टेकलं.

"ते लिहू नका," बुरुलचा म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "मी म्हणाले होते. मी तिची थोरली जाऊ, बुरुलचा. एक्स-रेला जाऊ नकोस, आमचं यंत्र चांगलं, थांब, असं मी म्हणाले. लिहा माझं नाव."

डॉक्टरणीनं मान वर केली. "बाई, या कागदात असं लिहायला रकाना नसतो."

"मग समासात लिहा," बुरुलचा म्हणाली. "पण लिहा."